कार्गिल: शेत आणि ताट यांच्या मधली कंपनी

1865. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलंय. आयोवा राज्यातल्या कॉनोव्हरपर्यंत रेल्वेचे रूळ आलेत, आणि त्यांच्या टोकाशी विल्यम वॉलेस कार्गिल धान्याचं एक गोदाम घेतो. शेतकऱ्याचा गहू विकत घ्यायचा, साठवायचा, आगगाडीत चढवायचा. नांगराला हात लावायचा नाही.

रूळ पश्चिमेला सरकले, मागोमाग गोदामंही. आता ती उंच झाली होती. पट्ट्याला जोडलेले डबे सुटा गहू माथ्यावर नेऊन ओततात. खालची झडप उघडली की तो आपल्याच वजनाने मालगाडीत उतरतो. पोती उचलायची कटकट संपली. पण त्या कोठारात एकाचा गहू दुसऱ्याच्या गव्हात मिसळला, की तो कुणाच्या शेतातला हे कुणी विचारत नाही. विचारली जाते ती फक्त प्रत. धान्याचा मोठा व्यापार उभा राहिला तो इथून.

1909 मध्ये विल्यम गेला आणि मागे कर्जाचा डोंगर उरला. जावई जॉन मॅकमिलनने धनकोंची समजूत काढत कंपनी सावरली. पुढची पिढी मात्र धाडसी निघाली, काहींच्या मते जरा जास्तच. मक्याच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत, माल एकहाती दाबून बाजाराची कोंडी केल्याचा ठपका ठेवून 1938 साली शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्याच्या वायदेबाजाराने कार्गिलला बाहेर काढलं.

दुसऱ्या महायुद्धात याच धान्यवाल्यांनी मिनेसोटा नदीकाठी नौदलासाठी तेलवाहू जहाजं बांधली!

पण या कंपनीचा स्वभाव कळतो तो मिठात. धान्याचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, मिसिसिपी नदीतून दक्षिणेला जायचे आणि परतताना रिकामे यायचे. रिकामी खेप म्हणजे शुद्ध तोटा. तेव्हा 1950च्या दशकात त्यांत मीठ भरून आणायला सुरुवात झाली; उत्तरेकडच्या बर्फाळ रस्त्यांवर टाकायला ते लागतंच. पुढे कंपनी स्वतःच्या मिठाच्या खाणी चालवू लागली. सोयाबीनचंही तेच. गाळून तेल विकायचं, उरलेल्या पेंडीचं पशुखाद्य करायचं, आणि कालांतराने जनावरांच्या मांसाचाही धंदा.

2003 मध्ये ब्राझीलच्या सांतारेमला, ॲमेझॉनच्या काठी, कार्गिलचं सोयाबीनचं बंदर सुरू झालं. बंदर आलं की आसपासच्या जंगलावर कुऱ्हाड पडते, असा आरोप पर्यावरणवाद्यांनी केला. टीका इतकी वाढली, की 2006 साली कार्गिलसह बड्या व्यापाऱ्यांना ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जंगलजमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचं कबूल करावं लागलं.

2024च्या आर्थिक वर्षात कार्गिलची उलाढाल 160 अब्ज डॉलरच्या घरात होती. तरीही तिचा शेअर बाजारात मिळत नाही. मालकी मुख्यतः कार्गिल आणि मॅकमिलन घराण्यांकडेच आहे. 2020 पासून कंपनीने नफ्याचे तिमाही आकडे जाहीर करणंही बंद केलं.