दोन आणि चारवरची थाप

मंडळी, रॉक अँड रोलचं पहिलं गाणं कोणतं, यावर रात्रभर भांडता येतं. कुणी मेम्फिसचं ‘रॉकेट ८८’ सांगतं, कुणी त्याच्याही मागे जातं. मला त्या वादापेक्षा एका ड्रमरचे हात महत्त्वाचे वाटतात. नाव अर्ल पामर, गाव अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स.

तिथल्या रॅम्पार्ट स्ट्रीटवर कोझिमो मटासांच्या घरचं विजेच्या उपकरणांचं आणि रेकॉर्डींचं दुकान होतं. मागच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ थाटला, जे अँड एम. माइक मोजकेच. एकदा वाजवलेलं नंतर दुरुस्त करायची सोय नाही. सॅक्सोफोनवाल्याला दोन पावलं मागे सरकवायचं, गायकाला माइकपाशी आणायचं, एवढंच काय ते मिक्सिंग. १० डिसेंबर १९४९ ला याच खोलीत फॅट्स डॉमिनो ‘द फॅट मॅन’ गायला. त्याच वर्षी ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकानं कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीवरचं ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं होतं.

पामर तिथे काय करतो? चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची, थाप देतो. आपला कान समेची वाट बघणारा; इथे वजन समेच्या शेजारी पडतं आणि पाय आपोआप हलतो. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्ये हा जोर शेवटच्या फेरीत, रंग चढल्यावर यायचा. पामरनं तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत लावून धरला. लहानपणी तो रंगमंचावर टॅप डान्स करायचा. लय त्याच्या पायांत आधी होती, हातांत नंतर आली.

दुसरा बदल याहून बारीक, पण माझ्या मते अधिक मोठा. रिदम अँड ब्लूजची नेहमीची चाल शफलची. मात्रेचे तीन भाग, मधला गाळायचा. म्हणून ती झुलते. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये लिटल रिचर्ड याच स्टुडिओत ‘टुटी फ्रुटी’ गायला. त्याचा उजवा हात पियानोवर चार मात्रांत एकसारखे आठ ठोके धडाधडा मारायचा, अजिबात न झुलता. त्या हातापुढे शफल टिकेना. पामरनं आपली चाल सरळ केली. १९५७ साली आलेल्या ‘लुसिल’मध्ये ही सरळ चाल स्वच्छ ऐकू येते. पुढे रॉकचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा राहिला.

या वादकांना मिळायची ती सेशनची, म्हणजे त्या-त्या रेकॉर्डिंगच्या बैठकीची, मजुरी. रेकॉर्ड कितीही खपो, रॉयल्टी नाही. ‘टुटी फ्रुटी’ पॅट बून या गोऱ्या गायकानंही गायलं आणि पॉपच्या यादीत ते मूळ गाण्याच्या वर गेलं. याचा मला आजही राग येतो. पामर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं त्याला मान दिला तो २००० साली.

आता ‘द फॅट मॅन’ आणि ‘लुसिल’ लागोपाठ लावतो. पहिल्यात ड्रम जरा दबलेले आहेत, तेव्हा कान तिकडेच ठेवा.