पायाखालचे सूर्य

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर, मायक्रोफोनच्या शेजारी, दोन थर्मास आहेत आणि दोन रिकामे पेले. काचेपलीकडे ध्वनिमुद्रणाला बसलेले गृहस्थ त्यांच्याकडे मघापासून संशयाने बघताहेत. पाणी आणि यंत्रं शेजारी शेजारी नकोत, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली आहे. पेल्यांचं काय करायचं ते शेवटी.

विषय आहे 'घरातले, शेजारपाजारचे साधे आनंद'. खरं सांगू? असा विषय ऐकला की मी जरा सावध होते. 'छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा' असं सगळेच सांगतात, पण तो शोधायचा कसा हे कुणी सांगत नाही. सकाळी खिडकीपाशी उभं राहून 'मी आता आनंद घेते आहे' असं मनाशी म्हणून बघा. दुसऱ्या मिनिटाला दूध उतू जाईल ही काळजी सुरू होते. निदान माझी तरी होते.

मला जो आनंद सापडला तो एका प्रश्नातून, आणि तो प्रश्नही माझा नव्हता. शेजारची आठ वर्षांची मुलगी आमच्या घरासमोरच्या झाडाखाली उकिडवी बसली होती. मी पिशवी घेऊन घाईत चालले होते. तिने विचारलं, "काकू, वरची पानं टोकदार आहेत ना? मग हे उन्हाचे ठिपके गोल कसे?"

"कुठे गोल आहेत?" म्हणत मी खाली पाहिलं. गोलच होते! त्या झाडाखालून मी कितीतरी वर्षं येते-जाते. कवडसा म्हणजे फटीतून आलेलं ऊन, तेव्हा फटीच्या आकाराचंच असणार, हे मी न बघताच ठरवून टाकलं होतं. वरच्या फटी चिंचोळ्या, तिरक्या, फाटल्यासारख्या. खाली मात्र नाणी सांडावीत तसे गोल गोल कवडसे, काही एकमेकांवर चढलेले.

उत्तर मला माहीत नव्हतं. शोधलं, तेव्हा कळलं ते असं. प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. पानांमधली बारीक फट, भिंगाऐवजी नुसतं बारीक छिद्र असलेल्या कॅमेऱ्यासारखं काम करते. सूर्य गोल, म्हणून चित्रही गोल. फट पुरेशी लहान आणि पुरेशी उंचावर असली की तिचा स्वतःचा आकार पुसला जातो.

वाचून माझं समाधान झालं, तिचं झालं नाही. "करून बघू," म्हणाली. मग भर दुपारी आम्ही दोघींनी एका पुठ्ठ्याला लहानसं त्रिकोणी भोक पाडलं. पुठ्ठा जमिनीलगत धरला तर खाली उन्हाचा त्रिकोण पडला, अगदी टोकदार. मी पुठ्ठा वर वर नेत गेले तसे त्रिकोणाचे कोपरे बोथट झाले, बाजू फुगल्या. शेवटी खुर्चीवर उभी राहून हात उंच केला, तेव्हा खाली एक मऊ कडेचा, फिकट गोळा थरथरत होता. थरथर माझ्या हाताची. "झाला! गोल झाला!" ती ओरडली. दोन खिडक्या उघडल्या. खुर्चीवर चढून पुठ्ठा धरलेली मी कशी दिसत असेन, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

याला एक पुरवणीही आहे. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट अंतरावर आहे. तेव्हा कवडशाची रुंदी मोजा, तिला १०८ ने गुणा, की ज्या फटीतून तो आला तिचं अंतर अंदाजाने निघतं. आमचा एक कवडसा पाच सेंटिमीटरचा भरला, म्हणजे फट जवळजवळ साडेपाच मीटर दूर. ऊन तिरपं असलं की कवडसा लांबट होतो, तेव्हा त्याची आखूड बाजू मोजायची. आणि खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे झाडून सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सूर्याकडे डोळे वर करून बघायचं नाही. बघायचं ते पायाखाली.

एवढ्याशा गोष्टीचं अप्रूप का वाटावं? १९७८ साली ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुलमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना तशाच वस्तीत राहणाऱ्या २२ सामान्य माणसांशी केली. जिंकलेले लोक काही फार सुखी निघाले नाहीत. माझं लक्ष गेलं ते पुढच्या भागाकडे. मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. माणसं मोजकीच होती, त्यांच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण मला ते पटतं. मोठ्या आनंदाने मोजपट्टी बदलते, आणि मग बारीकसारीक काही तिच्यावर मावत नाही.

दुसरा अभ्यास २०१० चा, किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांचा. त्यांनी २,२५० माणसांना दिवसभरात मधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि ते गोड विचारांत रमलेलं असलं, तरी माणूस हातातल्या कामात असताना होता त्यापेक्षा जास्त खूश नव्हता. म्हणजे मनात मांडे खाऊनही पोट भरत नाही, असंच म्हणायचं. पुठ्ठा धरून उभी होते तेव्हा माझं मन कुठेच गेलं नव्हतं. जायला फुरसतच नव्हती.

तेव्हापासून सवयच लागली. कोरड्या मातीवर पाऊस पडला की येतो तो मृद्गंध. इंग्रजीत त्याला 'पेट्रिकोर' हे नाव मिळालं १९६४ साली, आपल्याकडे शब्द आहेच. त्या वासातला एक भाग मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. त्या द्रव्याचं नाव जिओस्मिन. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपलं नाक ते ओळखतं. वासाच्या बाबतीत माणूस अगदीच सामान्य प्राणी, असं मी समजत होते!

आणि जिना. जिन्यावरची पावलं ऐकून कोण आलं हे ओळखायचा खेळ मी एकटीच खेळते. एकजण शेवटची पायरी नेहमी गाळतो. एका बाई वळणावर क्षणभर थांबतात, किल्ली वाजते, मग पुढे. मागच्या महिन्यात त्या वळणावर जास्त वेळ थांबायला लागल्या. दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी दार उघडून विचारलं, "गुडघा दुखतोय का?" त्या चकित झाल्या. "तुम्हाला कसं कळलं?" कान लावून बसते हे कबूल करायला जरा लाजच वाटली. आता त्या वर जाताना माझ्या दारावर टिचकी मारतात, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून बोलतो.

वरच्या मजल्यावरचं ड्रिल मात्र मला अजून आवडलेलं नाही. त्यात आनंद शोधायचा माझा विचारही नाही.

तर आता थर्मास. एकात गार पाणी आहे, एकात जवळजवळ उकळतं. ओतताना दोघांचा आवाज वेगळा येतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी बहुतेकांचे कान ओळखतात. इतकी वर्षं पाणी ओतून ओतून ते आपोआप शिकलेले असतात. तुमचा रेडिओ फार खरखरत नसेल तर बघू या. आवाज थोडा मोठा करा, पंखा बंद करा. मी गप्प बसते.

हा पहिला पेला.

(पाणी ओतल्याचा आवाज.)

आणि हा दुसरा.

(पाणी ओतल्याचा आवाज.)

सांगा, गरम कोणता?