क्लोकरूममध्ये आलेला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या थोरल्या काकांचा जुना पासपोर्ट आमच्या घरी अजून जपून ठेवला आहे. त्यात एका पानावर नोंद आहे, की हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांसाठी चालेल. लहानपणी मी काकांना विचारलं होतं, तिथंच का नाही जायचं? काका म्हणाले, "तिथं आपल्या माणसाला माणूस धरत नाहीत. म्हणून आपण जात नाही, आणि त्यांच्याशी देवाणघेवाणही करत नाही."

ही देवाणघेवाण भारतानं तोडली १९४६ च्या जुलैमध्ये. स्वातंत्र्य मिळायला अजून वर्ष होतं, तेव्हा. दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा भारत हा पहिला देश. अमेरिकेला तसा कायदा करायला १९८६ उजाडलं. म्हणजे ४० वर्षं. आणि तोही झाला तो स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाशी भांडून. आज त्या भांडणाची गोष्ट सांगायची आहे.

राष्ट्राध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. वर्णभेद वाईट आहे, हे ते मान्य करत. पण व्यापार बंद केला तर आधी मार बसेल तो तिथल्या काळ्या मजुरांना, आणि शीतयुद्धात एक दोस्त हातचा जाईल, असं त्यांचं म्हणणं. बोलत राहून त्यांना बदलू, हे त्यांचं धोरण. १९८५ मध्ये संसद, म्हणजे तिथली काँग्रेस, कायदा करायला निघाली, तेव्हा रेगन यांनी स्वतःच एक सौम्य आदेश काढला. क्रुगरँड नावाची सोन्याची नाणी आणायला बंदी, आणखी थोडं काही. कायदा तेवढ्यापुरता टळला.

पण पुढच्याच वर्षी तो पुन्हा आला. कॅलिफोर्नियाचे रॉन डेलम्स १९७२ पासून हे विधेयक मांडत होते. जून १९८६ मध्ये त्यांचं सगळ्यात कडक विधेयक कनिष्ठ सभागृहात चक्क आवाजी मतदानानं पार झालं. विरोधकांनी नावानिशी मतदान मागितलंच नाही, कारण इतकं कडक विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, टिकणार नाही, हा त्यांचा हिशेब. इथं मला मनातलं बोलू द्या. आवाजी मतदान मला मुळीच पटत नाही, तिथलं नाही आणि आपल्या विधानसभेतलंही नाही. माझ्या आमदारानं हो म्हटलं की नाही, हे मला कळलं पाहिजे. असो.

सिनेटनं मग आपलं, जरा मवाळ विधेयक केलं. मवाळ म्हणजे तरी काय, तर नवी गुंतवणूक बंद, कोळसा, लोखंड, पोलाद, युरेनियम, कापड, शेतमाल यांची आयात बंद, दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना अमेरिकेत उतरायला बंदी. कनिष्ठ सभागृहानंही तेच स्वीकारलं. २६ सप्टेंबरला रेगन यांनी नकाराधिकार वापरला.

आता नीट लक्षात ठेवा. राष्ट्राध्यक्षाचा नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. दोन्ही सभागृहांत, दोन तृतीयांश. कनिष्ठ सभागृहात ३१३ विरुद्ध ८३, तिथलं काम झालं. उरलं सिनेट, आणि तिथं बहुमत रेगन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं.

आणि आता तो फोन.

आपल्याकडे क्लोकरूम म्हटलं की स्टेशनवर बॅगा ठेवायची जागा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये क्लोकरूम म्हणजे सभागृहाला लागूनच असलेली खोली. सभासद तिथं येऊन टेकतात, फोन घेतात, हलक्या आवाजात मतांची जुळवाजुळव करतात. मतदानाच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, शेतकरी राज्यांच्या सिनेटरांना निरोप आला, तुमच्यासाठी फोन आहे. पलीकडे होते पिक बोथा, दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री. तिथले राष्ट्राध्यक्षही बोथाच, पण ते पी. डब्ल्यू.; हे पिक. हा फोन घडवून आणला होता जेसी हेल्म्स यांनी, आणि हेल्म्स होते सिनेटच्या कृषी समितीचे अध्यक्ष.

नेब्रास्काचे झोरिन्स्की फोनवर बोलले, आयोवाचे ग्रासली बोलले. बोथांचं म्हणणं सरळ होतं. रेगन यांचा नकार मोडलात, तर आम्ही तुमचं धान्य घेणार नाही. आमच्या शेजारच्या देशांना जाणारं तुमचं धान्यही आमच्या हद्दीतून जाऊ देणार नाही.

श्रोतेहो, हे आयोवा आणि नेब्रास्काला सांगितलं जात होतं. मक्याचा मुलूख. आणि सालही वाईट. ऐंशीच्या दशकात तिथले शेतकरी कर्जात बुडाले होते, पिढीजात शेतं लिलावात जात होती. महिन्याभरावर निवडणूक, आणि ग्रासली स्वतः उमेदवार. लिलावात शेत गेलेल्या माणसासमोर उभं राहून मतं मागायची, आणि परदेशी मंत्री कानात सांगतोय, तुमचं गिऱ्हाईक तोडतो. कुठं बोट ठेवलं की दुखेल, हे बोथांना नेमकं ठाऊक होतं.

फोनची बातमी फुटली आणि रिचर्ड लुगर भडकले. लुगर म्हणजे इंडियानाचे रिपब्लिकन, सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, रेगन यांची पाठराखण करणारा माणूस. शांत, मोजून बोलणारे. आणि घरची शेती असलेले, मका-सोयाबीन पिकवणारे. तेव्हा धान्याच्या भावाचं भय त्यांना दुसऱ्यानं समजावून सांगायची गरज नव्हती. हे लुगर सिनेटमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, ही परकीय लाच आहे, ही दमदाटी आहे. आपली मतं फिरवायला परका देश असा फोन करतो, हे घृणास्पद आहे.

लाच आणि दमदाटी. स्वतःच्याच पक्षाच्या सभासदानं घडवून आणलेल्या फोनबद्दल, स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाविरुद्ध उभं राहून लुगर हे बोलले. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

२ ऑक्टोबरला मतदान झालं. आपल्याकडे गांधी जयंती. आणि गांधीजींचा लढा सुरू झाला तो याच दक्षिण आफ्रिकेत. ९९ जणांनी मत दिलं. हवी होती ६६. पडली ७८. विरोधात २१. डेमोक्रॅट सगळेच्या सगळे ४७, म्हणजे फोन घेतलेले झोरिन्स्कीही त्यात आले. आणि रेगन यांच्या पक्षाचे ३१. कॅन्ससची गंमत बघा, गव्हाचं राज्य, दोन्ही सिनेटर रिपब्लिकन. बहुमताचे नेते बॉब डोल राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं राहिले, नॅन्सी कॅसेबाम यांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. परराष्ट्र धोरणावर राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार मोडण्याची १९७३ नंतरची ही पहिलीच वेळ.

मी नाशिक जिल्ह्यातला, त्यामुळे इथं मला कांदा आठवतोच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती एका अधिसूचनेनं. एवढा मोठा निर्णय सभागृहात नावानिशी चर्चेला आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. लासलगावच्या शेतकऱ्याला कळू दे, त्याच्यासाठी कोण बोललं.

तर, त्या कायद्यात निर्बंध उठवायच्या अटीही लिहिल्या होत्या. मंडेलांची आणि राजकीय कैद्यांची सुटका, पक्षांवरची बंदी उठवणं, वर्णभेदाचे मुख्य कायदे रद्द करणं. मंडेला सुटले ११ फेब्रुवारी १९९० ला. रेगन यांच्यानंतर आलेल्या बुश यांनी निर्बंध उठवले १० जुलै १९९१ ला.

चारच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला. डोनाल्डनं पाच बळी घेतले, आपल्या सचिननं ६२ केल्या, आपण जिंकलो. काका सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते. आफ्रिकेचा संघ मैदानात आला तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या. पासपोर्ट त्यांनी त्या दिवशी कपाटातून काढून आम्हा सगळ्यांना पुन्हा एकदा दाखवला.

नमस्कार.