हात सोडता येईल असे गाव : लहानग्यांसोबत माथेरान

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टी लागली की घरातली मुले "कुठे जायचे?" म्हणून मागे लागतात आणि मोठी माणसे मनातल्या मनात खर्चाचा, गर्दीचा आणि गाडी लागण्याचा हिशेब मांडू लागतात. आज मी आपल्याशी लहान मुलांना माथेरानला नेण्याविषयी बोलणार आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. पण मुलांच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य तिथल्या पॉइंटांपेक्षाही तिथल्या रस्त्यांत आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या मोटारींना आणि दुचाकींना मज्जाव असल्यामुळे, एरवी रस्त्यावर पाऊल टाकताच आपण मुलाचा जो हात घट्ट धरतो, तो इथे निवांत सोडता येतो.

गाडी चालू असेल तर नेरळहून छोट्या आगगाडीनेच वर जावे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. नेरळला लोकलमधून उतरल्यावर मुलांना आधी दोन्ही रूळ फलाटावरून नीट पाहू द्यावेत. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट आणि छोट्या गाडीचे अवघे दोन फूट. सहा-सात वर्षांच्या मुलाने दोन्ही हात पसरले, तर ते अंतर या दोन फुटांच्या जवळपास दुप्पट भरते. एवढी अरुंद गाडी डोंगर चढते कशी, हा प्रश्न मग आपोआप येतो. या घाटात सर्वांत तीव्र चढ वीस मीटरमागे एक मीटर इतका आहे, म्हणून गाडी वळणे घेत घेत, सावकाश, जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज अशी स्थानके मागे टाकत वर सरकते. वाटेत एकच छोटासा बोगदा लागतो. मोठ्यांनी त्याला दिलेल्या 'वन किस टनेल' या गमतीदार इंग्रजी नावाचा अर्थ मुलांनी विचारला, तर पालकांची थोडी पंचाईत होते, एवढी पूर्वसूचना देऊन ठेवतो. तिकिटे मोजकीच असतात आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही वाहतूक बंद असते. अशा वेळी रस्त्याने दस्तुरीपर्यंत यावे आणि तिथून जवळच असलेल्या अमन लॉजहून माथेरानपर्यंतची शटल गाडी पकडावी. नाहीतर सरळ चालत निघावे. बाजारपेठ तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि बहुतेक वाट झाडांच्या सावलीतून जाते. बाबागाडी मात्र घरीच ठेवलेली बरी.

इथे एका चुकीची कबुली देतो. नातीला घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी एका दिवसात सात पॉइंट दाखवण्याचा बेत आखला होता. तिसऱ्या पॉइंटाच्या वाटेवर ती जी खाली बसली, ती उठेचना. मी थोडा चिडलो, मग वाकून पाहिले. तांबड्या मऊ मातीत नरसाळ्याच्या आकाराचे, नखाएवढे खड्डे होते. एक मुंगी काठावरून घसरली. ती वर चढू लागली, तसे तळाशी दडलेल्या किड्याने खालून मातीचे कण उडवले, मुंगी पुन्हा घसरली आणि दिसेनाशी झाली. नातीने माझ्याकडे न पाहताच विचारले, "आजोबा, ती परत येणार नाही ना?" उरलेले पॉइंट आम्ही सोडून दिले. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की दिवसाला दोनच ठिकाणे ठरवावीत आणि चालण्याचा वेळ मोठ्यांच्या हिशेबाच्या दुप्पट धरावा.

कोणती दोन, असे विचाराल तर मी शार्लट तलाव आणि त्याच्याजवळचा एको पॉइंट ही जोडी सुचवेन. तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, त्यामुळे पाण्यात उतरायचे नाही, हे आधीच बजावावे. एको पॉइंटवर मुले आपले नाव मोठ्याने हाकारतील. त्यांना सेकंद मोजायला सांगावे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे हाक एका सेकंदाने परत आली, तर समोरचा कडा साधारण १७० मीटरवर आहे. जाऊन-येऊनचे अंतर निम्मे का करायचे, हे तिथे उभ्या उभ्या समजते. वहीत ते समजायला आठवडा लागतो. वारा जोराचा असेल तर प्रतिध्वनी नीट येत नाही, म्हणून सकाळची शांत वेळ गाठावी. पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय सुंदर असतो, यात शंका नाही; पण तो बाजारापासून बराच दूर आहे आणि अंधारात झोपाळू मुलाला तिथवर चालवण्यात कोणाचेच सुख नाही.

कोणत्याही पॉइंटवर पोहोचल्यावर मात्र सोडलेला हात पुन्हा धरायचा. कठडा असो वा नसो, हा नियम मोडू नये. पावसाळ्यात शेवाळ आणि धुके यांमुळे कडा कुठे संपतो, ते मोठ्यांनाही कळत नाही, म्हणून अगदी लहान मुलांना दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत न्यावे. मे महिन्यात गर्दी असते, हे खरे. तरी महिना संपता संपता जांभळे पिकू लागतात आणि जांभळ्या झालेल्या जिभा एकमेकांना दाखवण्याचा कार्यक्रम दिवसभर पुरतो.

घोड्यावर बसण्याचा हट्ट होणारच. दर आधी ठरवावा, घोडा चालतच न्यावा असे घोडेवाल्याला स्पष्ट सांगावे आणि त्याने लगाम हातातून सोडू नये, याकडे लक्ष ठेवावे. डोक्याला सायकलचे हेल्मेट घरून आणले असेल तर उत्तमच.

या रस्त्यांवर अनेक वर्षे हातरिक्षाही चालत आल्या. आमच्या नातीने तेव्हा विचारले होते, "तो माणूस त्या माणसाला का ओढतोय?" मला धड उत्तर देता आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करण्यास सांगितले. मुलांच्या अशा प्रश्नांना तिथे वेळ देता येतो, कारण कोणालाच कुठे धावत पोहोचायचे नसते.

सामानात पांढरे मोजे नसावेत, कारण ती तांबडी माती धुतल्यावरही पुरती जात नाही. संध्याकाळनंतर वाटेत दाट काळोख असतो, म्हणून प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःची छोटी बॅटरी द्यावी. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी मुळीच धरू नये. माकडांना तिचा आवाज चांगलाच ओळखता येतो. चिक्की घ्यायची ती परत निघताना, गाडीत बसण्यापूर्वी. सकाळीच घेतली, तर ती बहुधा आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.