पियानो त्रयी ऐकताना ठेका कुठे शोधायचा?

मंडळी, तबल्यावर वाढलेला कान आजचा जॅझ पियानो (बहुधा पियानो, डबल बेस आणि ड्रम्स अशी त्रयी) ऐकायला बसला की बहुतेक वेळा एकाच जागी अडखळतो. तो समेची वाट पाहत राहतो. इथे तिहाई घेऊन समेवर येण्याची सक्ती नाही, आणि आवर्तन सोळा मात्रांचं नसून एका अख्ख्या गाण्याएवढं लांब असतं. या आवर्तनाला ‘फॉर्म’ म्हणतात. धून एकदा वाजते, मग तिच्याच कॉर्डांच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) चौकटीवर फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. चौकट पाठ नसेल तर मधली दहा मिनिटं नुसता सुरांचा पाऊस वाटतो.

कान तयार करायला पुढे सहा अल्बम सुचवले आहेत, त्यांतले दोन एकट्या पियानोचे. चौकट पाठ व्हावी म्हणून पहिला अल्बम पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊचा, ‘आर्ट ऑफ द ट्रायो ४: बॅक अॅट द व्हॅनगार्ड’ (१९९९). त्यातलं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ घ्या. संगीतकार जेरोम कर्नचं हे गाणं १९३९ चं. आधी एला फिट्झगेराल्डच्या आवाजात तीन-चारदा ऐका आणि बार (ठरावीक मात्रांचे सारखे भाग) मोजा: ८, ८, ८ आणि शेवटी १२, एकूण ३६. दर बारला चार मात्रा, म्हणजे एका फेरीला १४४. मेल्डाऊ हेच गाणं सात मात्रांत वाजवतो, तेव्हा फेरी २५२ मात्रांची होते. सात म्हटल्यावर आपल्याला लगेच रूपक ताल आठवतो, पण ३-२-२ ची फोड आणि ‘खाली’वर येणारी सम घेऊन इथे गेलात तर चुकाल. बारची सुरुवात लॅरी ग्रेनेडियरच्या डबल बेसवर शोधा. पियानोचा उजवा हात मुद्दाम बारच्या रेषा ओलांडतो, त्यामुळे त्याच्या मागे मोजत गेलं की पाचव्या-सहाव्या बारलाच गणित सुटतं. सुटलं तर घाबरू नका. शेवटच्या १२ बारांचा भाग ओळखून पुढच्या फेरीला पुन्हा धरा.

दुसरा, पियानोवादक विजय अय्यरचा ‘हिस्टॉरिसिटी’ (२००९). बेसवर स्टीफन क्रम्प, ड्रम्सवर मार्कस गिलमोर. यातलं ‘मिस्टिक ब्रू’ मूळचं ऑर्गनवादक रॉनी फॉस्टरचं. त्यातल्या दोन कॉर्डांपैकी एक लांब टिकते, दुसरी आखूड. अय्यर हे प्रमाण फिबोनाची मालिकेवरून (तिच्यात आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा) चढवत नेतो: आठाचे ५ आणि ३, तेराचे ८ आणि ५, एकवीसचे १३ आणि ८. (हीच मालिका आपल्याकडे जैन पंडित हेमचंद्राने छंदांच्या मात्रा मोजताना मांडली होती.) आकडा बदलतो, लयीचा झोल (हेलकावा) मात्र तसाच राहतो, कारण लांब-आखूड यांचं गुणोत्तर जवळपास तेच असतं. इथे मोजू नका, झोलाबरोबर डोला. अय्यरकडे वळायला तबल्याचीच वाट हवी असेल तर ‘तीर्थ’ (२०११) आहे: प्रसन्नाची गिटार आणि नितीन मित्ताचा तबला. मित्ता हे मुंबईच्या अरविंद मुळगावकरांकडेही शिकलेले. माझ्या मते मात्र सुरुवात ‘तीर्थ’पासून करू नये. तिथे ओळखीचं इतकं सापडतं की नवीन काही ऐकलंच जात नाही.

जेसन मोरानचा ‘मॉडर्निस्टिक’ (२००२) एकट्या पियानोचा. जेम्स पी. जॉन्सनच्या जुन्या स्ट्राइड शैलीपासून तो सुरू होतो. स्ट्राइडमध्ये डावा हात एकदा खोल खर्जातला सूर, एकदा मधल्या पट्टीतली कॉर्ड अशी उडी मारत राहतो. ठेका आणि बेस दोन्ही त्याच हातात. पुढे त्याच अल्बममध्ये जर्मन संगीतकार शूमान येतो आणि हिपहॉपवाल्या आफ्रिका बंबाटाचं ‘प्लॅनेट रॉक’सुद्धा. डावा हात काय करतोय एवढंच धरून ऐकलंत तरी पुरे.

टिग्रान हमास्यानचा ‘मॉकरूट’ (२०१५) लयकारीच्या शौकिनांसाठी. आर्मेनियन लोकसंगीताच्या वळणाच्या धुना आणि हेवी मेटलसारखे ठोके. अशा संगीताची किल्ली एकच: ड्रम चारात चालतो आणि पियानोचा तुकडा विषम असतो. समजा मात्रेला चार भाग आणि तुकडा पाच भागांचा. एका बारमध्ये १६ भाग, म्हणजे दोघं ८० भागांनी, पाच बारांनंतर पुन्हा एकत्र येतील. पाय ड्रमवर ठेवा, हात पियानोवर. उलट केलंत तर पायच पियानोमागे जातो.

रॉबर्ट ग्लास्परचा ‘इन माय एलिमेंट’ (२००७) हिपहॉप आवडणाऱ्यांनी थेट घ्यावा, त्याला फार सांगावं लागत नाही.

क्रेग टेबॉर्नचा ‘अॅव्हेंजिंग एंजल’ (२०११) शेवटी, आणि रात्री. हाही एकट्या पियानोचा. इथे बऱ्याच ठिकाणी ठेका जवळपास नाहीच. सूर वाजवल्यानंतर तो विरत कसा जातो, हाच विषय. तो फोनच्या स्पीकरवर ऐकणं व्यर्थ आहे. पियानोचा सर्वांत खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, डबल बेसची खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची. तेवढ्याशा स्पीकरला हे मूळ सूर झेपत नाहीत, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. हेडफोन लावा, ॲपमधलं ‘क्रॉसफेड’ बंद करा, नाहीतर विरत जाणारा शेवटचा सूर पुढच्या तुकड्याखाली गाडला जातो. आवाज मोठा करणारी सेटिंगही बंद ठेवा. ती हळू आणि जोरकस यांतलं अंतरच दाबून टाकते.