रानातून परतलेला कुत्रा

(दृश्य: झाडीत शिरणारा कुत्रा. कॅमेरा त्याच्याच उंचीवर.)

रानवाटेवर कुत्र्याचं नाक सगळ्यात पुढे असतं. बिळाच्या तोंडाशी, कुजक्या पाल्यात, गवताच्या बुंध्याशी आधी नाक पोचतं आणि मागोमाग जीभ. म्हणून साप चावतो तो बहुधा थुतणीवर, म्हणजे नाका-तोंडाच्या पुढच्या भागावर, नाहीतर पुढच्या पायावर. कुसळ शिरतं ते नाकात, कानात आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीड चिकटते ती डोक्या-मानेभोवती.

यातली काही संकटं मिनिटांत जीव घेतात. काही दोन-तीन आठवड्यांनी वर येतात आणि तोवर ती सहल घरात कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते. डॉक्टरांना खरी मदत होते ती तारखेची. कुत्रा कुठे फिरला, कशात तोंड घातलं, कधी, हे फोनमध्ये एका ओळीत लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

(दृश्य: दाट सावली. धापा टाकणारा कुत्रा, जीभ रुंद आणि लांब बाहेर.)

आधी मिनिटांची संकटं. त्यात सगळ्यात जास्त फसवणारा उष्माघात, कारण सावलीत तो होणार नाही असं लोकांना वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना. त्याचं शरीर थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरची ओल वाफ होऊन उडाल्यामुळे. दाट झाडीत हवा दमट आणि कोंडलेली असली की ती ओल उडतच नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि त्या मेहनतीनेच आणखी तापतो. चपट्या नाकाचे, वजनदार आणि म्हातारे कुत्रे यात आधी सापडतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की आतल्या अवयवांना इजा होऊ लागते. लाळ चिकट आणि घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल अडखळते, उलटी होते. अशा वेळी गाडीकडे धावू नका. आधी गार करा, मग न्या. जवळ असेल ते पाणी अंगभर ओता, पोटाला आणि जांघांना नीट पोचू द्या, आणि सतत वारा घाला. पाणी बर्फासारखं असण्याची गरज नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवण्याची सवय मात्र सोडा, थोड्याच वेळात तो ऊब धरून बसतो. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. कुत्रा शेपूट हलवायला लागला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एखाद-दोन दिवसांनीही दिसू शकतो.

(दृश्य: पाल्यातून सरकणारा साप, लांबून.)

साप चावलेला बहुतेक वेळा कुणी पाहत नाही. एक किंकाळी ऐकू येते, कुत्रा मागे उडी मारतो, मग थुतणी सुजू लागते. घोणसासारख्या सापांच्या विषाने सूज, वेदना आणि रक्तस्राव होतो. नाग-मण्यारीच्या जातकुळीच्या सापांमध्ये सूज कमी असू शकते, पण पापण्या जड होतात, मागचे पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास अडतो. सूज नाही म्हणून विष नाही, असं धरून चालू नका.

गळ्यातला पट्टा लगेच काढा, मान सुजली की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. उचलता येण्यासारखा नसेल तर थांबत थांबत, सावकाश चालवा. जखम कापणं, चोखणं, वर घट्ट दोरी बांधणं, बर्फ लावणं यातून फक्त नुकसान होतं. साप मारून डॉक्टरांकडे नेण्याच्या नादात दुसरा दंश होतो, तोही माणसाला. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर निघा. वाटेतूनच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. सगळ्याच दवाखान्यांत ते ठेवलेलं नसतं आणि हे तिथे पोचल्यावर कळलं तर फार उशीर होतो.

(दृश्य: साचलेल्या पाण्यावर हिरवी साय.)

साचलेल्या कोमट पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा-निळा थर दिसला तर कुत्र्याला तिथे उतरू देऊ नका. त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नाही, जिवाणू आहेत. वाऱ्याने हा थर एका काठाला गोळा होतो आणि कुत्रा पाणी पितो ते काठावरच. त्यातलं एक विष मज्जासंस्थेवर चालतं. थरथर आणि झटके काही मिनिटांत सुरू होऊ शकतात. दुसरं यकृतावर जातं, त्याला तास-दिवस लागतात. दोन्हींवर उतारा नाही. चुकून उतरलाच तर अंग चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि पोचेपर्यंत चाटू देऊ नका.

काठी फेकण्याबद्दल पशुवैद्यांचं मत साधारण एकच आहे: फेकू नका. काठीचं एक टोक जमिनीत रुततं, कुत्रा वेगात दुसऱ्या टोकावर जातो आणि ते घशात घुसतं. वरून दिसतं थोडंसं रक्त, आत मात्र लाकडाचे तुकडे मानेच्या स्नायूंत राहतात आणि आठवड्यांनी गळू होतं. घुसलेली काठी ओढून काढू नका. चघळताना होणारा दुसरा प्रकार साधा आहे. काडीचा तुकडा टाळूवर, दोन्हीकडच्या वरच्या दाढांच्या मध्ये आडवा अडकतो आणि कुत्रा वेड्यासारखा पंजाने तोंड ओरबाडू लागतो.

(दृश्य: पाल्यातून वर आलेली पांढरट अळंबी, म्हणजे कुत्र्याची छत्री.)

तोंडात गेलेल्या गोष्टींत भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) सहसा लवकर निभावतो. तोंडाला फेस येतो. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा. पाणी सोडायचं तर डोकं खाली धरून, गालाच्या बाजूने, घशात जाणार नाही असं. झटके, तोल जाणं किंवा कोसळणं दिसलं तर मात्र थांबायचं नाही, भेकांच्या काही जाती जीवघेण्या असतात.

कुत्र्याच्या छत्र्यांचं गणित वेगळं आहे. सगळ्यात विषारी जातींपैकी एक म्हणजे अमानिटा फॅलॉइडीस. ती खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग थोडं बरं वाटणं. या बरं वाटण्याच्या काळातच यकृत निकामी होत असतं. कुत्र्याने छत्री खाल्लेली दिसली तर लक्षणांची वाट पाहू नका. उरलेला तुकडा कागदी पिशवीत घ्या, प्लास्टिकमध्ये तो सडतो आणि ओळखता येत नाही. घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते.

(दृश्य: अंगणात कुत्रा कुशीवर पडलेला. दोन हात पंजा उघडून पाहतात.)

आता घरी आल्यावरची तपासणी. इथे वेळ काढा.

डोळ्यांवर विसंबू नका, बोटांनी शोधा. नाकापासून सुरुवात करून केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवा. कानाच्या बाहेरची आणि आतली घडी, ओठांची कड, पापण्या, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीचं मूळ. मग प्रत्येक पंजा. बोटं एकेक करून फाकवा, वरून बघा, मग पंजा उलटा करून गाद्यांच्या मधली जागा बघा. तिथले केस कात्रीने आखूड ठेवले तर निम्मं काम सोपं होतं.

बोटांच्या बेचक्यात शोधायचं ते मुख्यतः कुसळ. वाळक्या गवताच्या या बीला टोकाशी सुई आणि मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे ते पुढेच सरकू शकतं, मागे येत नाही. कुत्र्याच्या प्रत्येक पावलाने ते आणखी आत ढकललं जातं. नुसतं केसांत अडकलेलं सापडलं तर दोन सेकंदांचं काम. कातडीत शिरलं की कुत्रा पंजा चाटत राहतो, फुगवटी येते, तिला बारीक भोक पडून पाणी वाहतं. अँटिबायोटिकने ते सुकतं, गोळ्या संपल्या की पुन्हा वाहतं. असं दोनदा झालं तर आत कुसळ आहे असंच धरा. एक्स-रेत ते दिसत नाही, सोनोग्राफीत पुष्कळदा सापडतं. अचानक शिंकांचा सपाटा आणि एकाच नाकपुडीतून रक्त म्हणजे नाकात शिरलंय. डोकं एका बाजूला कलतं करून झटकणं म्हणजे कानात. या दोन्ही जागी चिमटा घालू नका, तेल ओतू नका. कुसळ आणखी खोल जातं.

(दृश्य: गवताच्या पात्यावर गोचीड. पुढचे दोन पाय पसरलेले.)

गोचीड झाडावरून उडी मारत नाही. ती गवतावर, झुडपावर चढून पुढचे पाय पसरून थांबते. त्या पायांवर तिची संवेदनेंद्रियं असतात. जवळून जाणाऱ्या जनावराचा श्वास आणि ऊब तिला कळते, आणि केस घासून गेले की ती पकडते. म्हणून पायवाटेच्या मधून चालणाऱ्या कुत्र्यावर कमी आणि कडेच्या गवतात घुसणाऱ्यावर जास्त गोचिड्या सापडतात.

काढण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा घ्या. पोटाला नव्हे, कातडीला लागून तोंडाशी पकडा आणि न पिळता, न झटकता सरळ वर ओढा. गोचीड काढण्याचा खास आकडा (हूक) असेल तर तो खाली सरकवून फिरवायचा. घासलेट, व्हॅसलिन, पेटलेली काडी यांतलं काहीही लावू नका. गुदमरलेली किंवा भाजलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते आणि रोगजंतू त्यातच असतात. तोंडाचा तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, कातडी तो सहसा स्वतःच बाहेर टाकते. गोचीड नखावर चिरडू नका. चिकटपट्टीत बंद करा, वर तारीख लिहा.

गोचिडीतून येणाऱ्या लाइम रोगाचे जंतू शिरायला तिला साधारण २४ ते ४८ तास चिकटून राहावं लागतं. एर्लिकियाला (गोचिडीतूनच येणारा, रक्तपेशींवर हल्ला करणारा जंतू) काही तासच पुरतात. म्हणून तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

गोचिड्यांच्या गोळ्या चांगल्या चालतात, काही महिनाभर, काही बारा आठवडे. पण गोचीड चावल्याशिवाय त्या तिला मारत नाहीत. गोळी दिलेल्या कुत्र्यावर गोचीड दिसली म्हणजे गोळी वाया गेली असं नाही. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना तसं सांगा. आणि घरात मांजर असेल तर मानेवर टाकायच्या थेंबांच्या पाकिटावर पर्मेथ्रिन आहे का ते वाचा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला मारतं, ओल्या अंगाला नुसतं घासलं तरी.

(दृश्य: दिनदर्शिका, एका तारखेवर खूण.)

पुढचे तीन आठवडे डोळा ठेवायचा. एर्लिकियाची लक्षणं बहुधा ८ ते २० दिवसांत येतात: ताप, सुस्ती, खाण्यावरून मन उडणं, हिरड्या फिक्या पडणं, कधी नाकातून रक्त. बाबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या रोगात लाल पेशी फुटतात आणि लघवी काळपट-तांबडी होते. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग) आला असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. तो माणसालाही होतो, तेव्हा अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालून पुसा. लेप्टोची लस पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि मग दरवर्षी घ्यावी लागते. रेबीजची लस झाली म्हणजे हीही झाली, असा समज पुष्कळांचा असतो.

रक्ततपासणीत एक खोच आहे. एर्लिकियाची अँटिबॉडी चाचणी पहिल्या आठवड्यात नकारार्थी येऊ शकते, कारण शरीराने अँटिबॉडी अजून बनवलेल्याच नसतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरलेल्या असतील तर थेट जंतूच शोधणारी पीसीआर चाचणी करून घ्यावी किंवा दोन-तीन आठवड्यांनी अँटिबॉडी चाचणी पुन्हा करावी. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सहसा २८ दिवस चालतं. बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांतच खाऊ-खेळू लागतात, आणि गोळ्या बंद होतात त्या इथेच. गोळी अन्नाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, घशात अडकली तर अन्ननलिकेला व्रण पडतो.