वजाबाकी
(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'रोजच्या जगण्यातली कृतज्ञता'. घरी दाखवली तर ही म्हणाली, "आणि बोलणार तुम्ही?" (हशा) असो.

माझं दुखणं एका वहीचं आहे. सूनबाईंनी वाढदिवसाला कृतज्ञतेची वही दिली. रोज रात्री पाच गोष्टी लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं: तब्येत, पेन्शन, नातू, शेंगाचटणी, कडक भाकरी. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त भाकरी वर सरकली. आठव्या दिवशी मी लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. (हशा) जन्मभर हजेरीपत्रकं भरलेला माणूस, दुसरं काय करणार?

आता आमच्या पुण्याच्या मुलाची गोष्ट. त्याच्याकडं चोवीस तास पाणी. पहिल्याच रात्री अडीचला मला जाग आली, आपल्याला येते तशी. अंधारात चाचपडत बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला. धो धो! दोन्ही बादल्या भरल्या, मग स्वयंपाकघरात कुकर, पातेली, डबे, परात. परातीच्या आवाजानं मुलगा उठला. "बाबा, काय चाललंय?" म्हटलं, "अरे, आलंय!" तो म्हणाला, "बाबा, ते जातच नाही." (हशा) हाच पोरगा लहानपणी 'पाणी आलंऽ' म्हणून गल्लीभर बोंबलत पळायचा. आज विचारा पाणी कसंय, तर म्हणतो प्रेशर कमी आहे.

उद्या 'चार दिवसांआड पाणी चांगलं' असं मी म्हणालो म्हणून पसरवू नका. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, त्यासाठी भांडायचं तर भांडाच, मीही येतो. पण आमची ही नळाला जुन्या धोतराचं फडकं बांधते, खाली हंडा लावते आणि पाठ करून भाजी निवडत बसते. हंडा भरत आला की आवाज चढत जातो. अगदी काठाशी आला की ही न बघता हात मागं नेऊन नळ बंद करते. थेंब सांडत नाही. तिला कुणी वही दिलेली नाही.

घरात आपण धन्यवाद म्हणत नाही. मी एकदा म्हटलं, तर हिनं कपाळाला हात लावून ताप बघितला. धन्यवाद आपण शेवटच्या आभारप्रदर्शनासाठी राखून ठेवतो, आणि तेव्हा निम्मा हॉल चपला शोधत असतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुद्दा तर अजून यायचाय! भराभर सांगतो.

2003 साली एमन्स आणि मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायला लावलं. त्रास आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा या पोरांना आपलं आयुष्य बरं वाटलं. आठवड्यातून एकदा, सूनबाई! सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचं झालं की 'वरीलप्रमाणे' होतं.

दुसरा प्रयोग 2008 चा, कू, गिल्बर्ट वगैरे मंडळींचा. जोडीदार कसा भेटला हे काही जणांनी लिहिलं, आणि काहींनी लिहिलं की तो भेटलाच नसता तर. दुसऱ्यांना आपला संसार जास्त गोड वाटला. म्हणजे बेरीज करू नका, वजा करून बघा. मी परवा मनात ही नाही असं धरलं. दोन मिनिटांत उठून आत गेलो आणि भाजी निवडायला बसलो. तिनं पुन्हा ताप बघितला.

बस, एवढंच म्हणायचं होतं. खरं तर आभारप्रदर्शनाला थांबायला हवं, पण आमच्याकडं आज पाण्याचा दिवस आहे, सव्वाआठला सुटतं, आणि ही एकटीच आहे. निघतो. अहो, चपला कुठं काढल्या होत्या मी?